सतरा नंबरची फ्रेम

प्रभंजन हवालदारच्या कपाटात चार शाली घडीसुद्धा न मोडता पडून होत्या. दर वर्षी जुलैत एक. धारवाडला थंडी नसते असं नाही. डिसेंबरात केलगेरी तळ्यावरून वारा सुटला की भल्याभल्यांचे दात वाजतात. तरी हा गडी फौजेतला विटका स्वेटरच चढवायचा. बायको भार्गवी म्हणायची, "अहो, त्या शाली काय कसर लागायला ठेवल्यात का?" त्यावर तो काहीतरी पुटपुटायचा आणि उणकलच्या आपल्या स्टुडिओत निघून जायचा. शालींच्या खाली एक खाकी पाकीट होतं. त्याला हात लागू नये म्हणून शालींनाही हात लावायचा नाही, असा सगळा मामला होता.

हवालदार हे त्याचं आडनाव आणि फौजेतला हुद्दाही तोच, म्हणून गल्लीत त्याला डबल हवालदार म्हणत. पण बंदूकवाला नव्हता तो. फौजेचा फोटोग्राफर. पलटण जाईल तिथं जायचं, पुढच्या माणसाला गोळी लागली तरी कॅमेरा खाली ठेवायचा नाही, काय घडलं ते टिपायचं आणि रीळ खाली पाठवून द्यायचं. आपला फोटो बरा आला की वाईट, हे महिनोन्‌महिने कळत नसे.

त्याचा एकच फोटो गाजला. केलगेरीच्या चौकात काचेच्या पेटीत तो लावला होता. बर्फाचं टेकाड, काठीला झेंडा बांधणारा जवान, तोंडावर ओढलेली लोकरीची हिरवी कानटोपी, तिचा एक कान जांभळा, डोळ्यांवर काळा चष्मा. गाठ नीट बसावी म्हणून हातमोजे काढलेले, दहाही बोटं उघडी. नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता. खाली कन्नडमध्ये आणि मराठीत लिहिलं होतं, वीर जवान वादिराज. फोटोला कायम हार असायचा. आणि फोटो वादिराजचा नव्हता.

घ्या, सांगून टाकलं. प्रभंजनला पाच वर्षं जे ओठांवर आणता आलं नाही ते मी एका ओळीत सांगितलं. दुसऱ्याची चूक सांगायला आपली जीभ कशी भराभर चालते बघा.

गोष्ट नव्व्याण्णव सालची, कारगिलच्या लढाईतली. त्या उंचीवर बॅटरीचे कॅमेरे तासाभरात मान टाकतात. म्हणून प्रभंजनकडे जुना, हातानं रीळ ओढायचा कॅमेरा होता. तो कोटाच्या आत छातीशी धरायचा, रीळ हळूहळू ओढायचं, कारण झटका बसला तर गारठलेली फिल्म पापडासारखी कडकन मोडते. पेनातली शाई गोठते, म्हणून वही पेन्सिलीनं लिहायची. फ्रेमचा नंबर, पुढे माणसाचं नाव, बस्स. फोटोत काय आहे ते लिहायला बोटं वळत नसत. रीळ आणि वही खाली गेली की तिथला कारकून नंबराला नंबर जुळवून फोटोला नाव चिकटवायचा. फोटोग्राफरची सगळी अब्रू त्या वहीत.

त्या सकाळी टेकाड हाती आलं होतं. सोळा फ्रेम झाल्या होत्या. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "होय की ओ अण्णा, एवढ्या गारठ्यात तुमचं यंत्र चालतं तरी कसं?"

प्रभंजननं वळून पाहिलं. 'होय की ओ' म्हणणारा माणूस सोळा हजार फुटांवर भेटतो म्हणजे काय! "कुठला रे तू?"

"धारवाड. केलगेरी."

"कुणाचा?"

"यमुनाक्का मास्तरीणबाईंचा."

प्रभंजन मोठ्यांदा हसला. चौथीत यमुनाक्कांच्या छड्या त्यानं तळहातावर खाल्ल्या होत्या. मग काय विचारता! खाली तोफा धडधडत असताना हे दोघं धारवाडी, चुरमुऱ्यांचं गिरमिट कुठल्या गाड्यावरचं चांगलं, यावर दहा मिनिटं भांडले. पोराचं नाव वादिराज. उजव्या हाताची दोन बोटं बर्फानं गेली होती, मनगटापर्यंत जाड बँडेज. त्याला खाली जा म्हणून सांगितलं होतं, पण तो गेला नव्हता.

"अण्णा, माझा एक काढा की," तो म्हणाला. "सरकारी नको, आईला द्यायला. सुट्टीवर गेलो की फोटो काढू काढू म्हणतो आणि राहूनच जातं. तोंड दिसलं पाहिजे बघा, नाहीतर म्हणेल, ह्या बोचक्यात कोण आहे म्हणून."

त्यानं टोपी काढली, चष्मा काढला. डाव्या हातात चहाचा मग. बँडेजचा हात हनुवटीशी आणला आणि दाढीच्या खुंटांतून असा हसला की प्रभंजनलाही हसू आवरेना. सतरा नंबरची फ्रेम. ती घरच्यासाठी होती, सरकारी नव्हती, म्हणून प्रभंजननं ती वहीत मांडली नाही.

एवढीच चूक. गावचं माणूस भेटलं, जीव सुखावला आणि वीस वर्षांची सवय क्षणभर सुटली. लगेच पलीकडे नाईक महादेव झेंड्याची गाठ मारायला लागला. प्रभंजननं फोटो काढला आणि वहीत लिहिलं, सतरा, महादेव. मग वादिराज पुन्हा टोपी ओढून पहाऱ्यावर बसला, त्याचा घेतला आणि लिहिलं, अठरा, वादिराज. वही रिळाच्या एक पाऊल मागे पडली. खाली कारकुनानं अठरा नंबर काढला तर त्यात झेंडा, आणि वहीत अठरापुढे वादिराज. त्यानं नाव चिकटवलं. तिसऱ्या दिवशी तोफेचा गोळा पडला आणि वादिराज गेला. झेंडा बांधणारा जवान शहीद! पेपरवाल्यांना आणखी काय पाहिजे?

प्रभंजननं तो फोटो दोन महिन्यांनी पाहिला, तळावर, एका शिळ्या वर्तमानपत्रात. पाहताक्षणी कळलं. सांगायची वेळ तीच होती. पण पेन्शनीला वर्ष उरलं होतं, आणि वहीत नाव चुकवणारा फोटोग्राफर म्हणून निरोप घ्यायचा त्याला धीर झाला नाही. उद्या सांगू, म्हणाला. त्यानं सतरा नंबरची प्रिंट तेवढी करून घेतली आणि खाकी पाकिटात घातली. भित्रेपणाला आपण किती छान नावं देतो. प्रभंजननं त्याला 'योग्य वेळ' म्हटलं.

दोन हजार सालच्या जुलैत तो घरी आला तेव्हा चौकात फोटो लागला होता, त्याला हार चढला होता, आणि स्मारक समितीचे अध्यक्ष वकील यशवंतराव नारळ-शाल घेऊन त्याचीच वाट पाहत होते. व्यासपीठावर यमुनाक्कांनी त्याचा हात धरला.

"प्रभंजना, तू शेवटचं बघितलास की रे त्याला. तोंड दिसेल असा एखादा नाही निघाला? माझ्याकडे दहावीच्या हॉल तिकिटावरचा आहे बघ, मिसरूडसुद्धा नाही त्यात."

"नाही अक्का," प्रभंजन म्हणाला. "तिथं सगळे तोंड झाकूनच असतात."

झालं. चूक होती तोवर चूक होती. त्या दिवशी तिचं खोटं झालं. दर जुलैला अक्का तोच प्रश्न विचारायच्या आणि दर जुलैला तो तेच उत्तर देऊन खांद्यावर शाल घ्यायचा. नुसता चेहरा कापून द्यावा, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. एका दुपारी स्टुडिओचं दार लावून त्यानं पट्टी ठेवून पाहिली. बँडेजचा हात कापायचा तर हनुवटी जायची, हनुवटी गेली की हसू जायचं. आणि हात ठेवला तर? अक्कांच्या घरी भिंतीवर तोच झेंड्याचा फोटो, त्यातल्या जवानाची दहाही बोटं धडधाकट, आणि याच सकाळचा हा हात मनगटापर्यंत बांधलेला. पंचवीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडलेली बाई ती. तिला किती वेळ लागणार? त्यानं पट्टी उचलली आणि प्रिंट पुन्हा शालींच्या खाली ठेवली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

पोटासाठी तो काय करायचा, तर तेच. पासपोर्ट, लग्नं, मुंजी आणि मेलेल्या माणसांचे मोठे फोटो. म्हातारी माणसं नवी धोतरं, ठेवणीतली लुगडी नेसून यायची. "पुढं लागंल, आत्ताच काढून ठेवा," म्हणायची. प्रभंजन काढून द्यायचा, पण एक नियम कडक होता. माणूस जिवंत आहे तोवर फोटोला हार नाही, गंध नाही, फ्रेमवाल्याकडे चुकूनसुद्धा चंदनी हार टांगायचा नाही. जिवंत माणसाला हार म्हणजे त्याचं मरण मागणं. हे तो गिऱ्हाइकांना सांगायचा आणि सांगताना त्याला चौक आठवायचा.

दोन हजार चारच्या जूनमध्ये एक बाई स्टुडिओत आली. खुर्चीवर बसा म्हटलं तर बसली नाही.

"फोटू काढायचा न्हाई मला," ती म्हणाली आणि पिशवीतून एक लोकरीची कानटोपी काढून तिनं काउंटरवर ठेवली. हिरवी. उजवा कान मात्र जांभळा. "हिरवी लोकर सरली. निपानीच्या बाजारात मिळंना, म्हनून ह्यो कान जांभळा इनला. अशी टोपी सगळ्या फौजंत एकच. चौकातल्या पेटीत हाय ती माझ्या मालकांच्या डोसक्यावर हाय."

प्रभंजननं टोपी उलटसुलट करून पाहिली. बाईचं नाव शकुंतला. महादेव दोन वर्षांपूर्वी फौजेतून सुटून धारवाडजवळच, बेलूरच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला होता.

"त्यांना ठाऊक आहे?"

"पयल्या दिवसापासनं. हासत्यात. म्हनत्यात, वाद्या माझा भाऊच हुता, त्याच्या आईला तेवढाच आधार, माझं काय जातंय. पर जातंय की ओ! दिवाळीत सायकलीवरनं पडलं, पाय मोडला. मग कावीळ. आता तीन हप्तं दवाखान्यात हाईत, ताप उतरंना. डागदर म्हनतो औषध लागू पडंना. कसं पडंल? जित्या मानसाला गावानं हार घातलाय!" तिचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "मी कुनाला सांगनार न्हाई. त्या माउलीला तर न्हाईच. तुमी काढलाय न्हवं? तुमीच त्यो हार उतरवा."

संध्याकाळी तो दवाखान्यात गेला. महादेव खाटेवर अर्धा झाला होता. "साहेब, बायकांचं काय ऐकता," तो म्हणाला आणि हसला. पण निघताना त्यानं प्रभंजनचं मनगट धरलं, आणि सोडायला त्याला जरा वेळ लागला. टेकाडावर न घाबरलेला माणूस झेंडूच्या हाराला घाबरला होता.

ताप कशानं येतो हे प्रभंजनला कळत नव्हतं असं नाही. पण दुसऱ्यांना सांगायचा नियम आपल्याला लागू नाही असं कसं म्हणणार? इकडे आड, तिकडे विहीर. हार उतरवला तर एका आईचा पोरगा भिंतीवरून उतरतो. नाही उतरवला आणि महादेवचं काही बरंवाईट झालं, तर शकुंतलेच्या तोंडाकडे जन्मात पाहता येणार नाही. पंधरा दिवस तो जेवायला बसायचा आणि भाकरी चिवडून उठायचा. मग भार्गवीनं एक दिवस सरळ शालींचा गठ्ठा उचलला, पाकीट उघडलं आणि फोटो पाहिला. तो खाली मान घालून सगळं बोलला. तिनं ऐकून घेतलं.

"अक्कांचं पोर आपल्या कपाटात ठेवलंयत तुम्ही," ती एवढंच म्हणाली.

जुलैत पुण्यतिथीच्या दिवशी कार्यक्रम दहाला होता. प्रभंजन आठलाच केलगेरीला अक्कांच्या घरी पोचला. अक्का सोप्यात पाटावर बसून हार ओवत होत्या. घरातल्या फोटोचा हार त्या बाजारातून कधी आणत नसत. समोर भिंतीवर तोच झेंडेवाला, कालच्या सुकलेल्या हारासकट, काचेवर कुंकवाचा टिळा.

"ये. आज लवकर आलास? कॉफी टाकते थांब."

"नको अक्का," तो म्हणाला आणि पाकिटातला फोटो फुलांच्या ताटात ठेवला. 

अक्कांनी चष्मा लावला. फोटो उचलला.  ओठ तेवढे हलत होते, पोरांची पाटी तपासताना हलायचे तसे. मग बोट बँडेजवर ठेवून त्यांनी विचारलं, "हाताला काय झालं होतं रे त्याच्या?"

"बर्फ. दोन बोटं गेली होती."

"दुखत होतं?"

"बोलला नाही. हसत होता."

"दाढी वाढवली होती मेल्यानं," त्या म्हणाल्या. आणि मग मान वर करून त्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरची दहा बोटं. हातातलं बँडेज. पुन्हा भिंत. प्रभंजनला चौथीचा वर्ग आठवला आणि त्याचा तळहात आपोआप मिटला.

"कधीचा हा?"

"त्याच सकाळचा."

"मग हा कोण?"

त्यानं सांगितलं. वही, सतरा, अठरा, सगळं. महादेव जिवंत आहे, बेलूरला असतो, लग्न झालेलं आहे, आणि महिनाभर दवाखान्यात पडून आहे, हेही सांगितलं. त्या माउलीला सांगणार नाही, असं शकुंतला म्हणाली होती, ते मात्र सांगितलं नाही.

अक्का ताडकन उठल्या. स्टूल ओढलं, वर चढल्या, भिंतीवरचा हार ओरबाडून काढला आणि पदरानं काचेवरचं कुंकू घासून पुसलं. "जिवंत माणसाला हार घातलास रे माझ्या हातनं! पाच वर्षं! त्याची बायको कुंकू लावत असेल आणि मी इथं..."  प्रभंजननं स्टूल धरलं.

तेवढ्यात यशवंतराव वकील दारात आले, हातात पाचवी शाल. हार उतरलेली काच, फुलांचा सडा आणि दोघांचे चेहरे पाहून ते उंबऱ्यातच थबकले. काय झालं ते कळायला त्यांना दोन मिनिटं लागली. मग ते म्हणाले, "अक्का, आमदारसाहेब निघालेत हुबळीहून. आजचा दिवस जाऊ द्या. पुढच्या आठवड्यात समितीची मीटिंग लावू की, ठराव करू—"

"ठराव?" अक्का म्हणाल्या. "यशवंता, उद्या तुझा फोटो चौकात लावून हार घालते आणि पुढच्या आठवड्यात ठराव करते, चालेल?" मग प्रभंजनकडे वळल्या. "जा तू. चौकातला हार उतरव. आत्ता. तुझ्या हातनं."

मंडपवाल्याची शिडी घेऊन प्रभंजन चौकात पेटीपर्यंत चढला. खाली बँडवाले, शाळेची पोरं, खुर्च्या मांडणारी माणसं. "अण्णा, एन माडाकत्तीरि?" कुणीतरी ओरडलं, काय चालवलंय हे विचारायचा त्यांना हक्कच होता. त्यानं पेटीचं दार उघडलं आणि सकाळीच चढवलेला गलेलठ्ठ हार काढला. खाली एकदम गलका झाला. शहिदाचा हार काढतोय, दारू प्यालाय काय, ओढा त्याला खाली! कुणीतरी शिडी हलवली. हा वादिराज नाही, चूक माझी आहे, असं तो वरून दोनदा ओरडला. बँडच्या आवाजात कुणी ऐकलं, कुणी नाही ऐकलं. खाली उतरल्यावर शर्टाची बाही फाटली होती. पण पाच वर्षांनी त्याला छातीभर श्वास घेता आला. सुटलो, असं त्याला वाटलं.

तो परत अक्कांच्या घरी गेला, निरोप द्यायला. अक्का तिथंच पाटावर होत्या. सतरा नंबरचा फोटो त्यांनी भिंतीला टेकवून ठेवला होता आणि ओवलेला ताजा हार मांडीवर होता.

"उतरवला, अक्का. माफ करा मला."

"त्याचं झालं," अक्का म्हणाल्या. "त्याच्या बायकोला मी भेटून येईन. ह्याचं काय?" त्यांनी फोटोकडे हात केला. "पाच वर्षं मी ह्याचं तोंड आठवायला धडपडत होते, प्रभंजना. दाढी होती का नव्हती, एवढंसुद्धा मला ठाऊक नव्हतं. आणि हा तुझ्या कपाटात हसत बसला होता. आईला द्या, म्हणाला होता ना तो?"

"हो."

"मग?"

 अक्कांनी हार उचलला, फोटोपर्यंत नेला आणि हात तिथेच थांबले. दोनदा नेला, दोनदा परत आणला.

"तोंड झाकलेल्याला घालणं सोपं होतं रे," त्या म्हणाल्या आणि पाच वर्षांत पहिल्यांदा मोठ्यांदा रडल्या. मग डोळे न पुसताच त्यांनी हार त्याच्यापुढे धरला. "माझ्यानं होत नाही. तू घाल."

शेकडो फोटोंना हार घातलेला माणूस तो. पण गुडघे टेकून बसला, हार हातात घेतला आणि समोर वाद्या चहाचा मग घेऊन हसत होता. सोळा हजार फुटांवर गिरमिटावरून भांडलेला, आईला द्या म्हणालेला. उठून पळावं असं प्रभंजनला वाटलं, पण पाठीशी अक्का होत्या. शेवटी त्यानं हार घातला. फुलं घसरून बँडेजवर आली.

"जरा वर घे," मागून अक्का म्हणाल्या. "हात झाकू नको त्याचा."